बर्फाची रेषा आज कुठवर उतरेल?

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना दिवसभर एकच प्रश्न येतो: "मनालीला बर्फ मिळेल ना?" कंपनीवाले बिनदिक्कत "हो" म्हणतात, त्यांना गाडी भरायची असते. मनालीचा टॅक्सीवाला मात्र सांगतो, "ऊपर मिलेगी." पर्यटकाला हे उडवाउडवीचे उत्तर वाटते. हवामानाच्या दृष्टीने पाहिले तर या सगळ्या संवादातले तेवढेच एक वाक्य अचूक असते.

कुल्लू शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर आहे. तिथून रस्त्याने चाळीसेक किलोमीटर वर मनाली, सुमारे २,०५० मीटर. पुढे सोलंग २,५०० मीटरच्या आसपास, अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड ३,०६० मीटरवर आणि रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. म्हणजे रस्त्याचे शंभर किलोमीटरही पुरे होत नाहीत तोवर आपण पावणेतीन हजार मीटर चढलेले असतो. मोबाइलवरचे ॲप या सगळ्याला मिळून एक चित्र दाखवते, ढगाखाली बर्फाची चांदणी आणि शेजारी एक तापमान. ते तापमान कोणत्या उंचीचे, हे फार थोडी ॲप सांगतात. डोंगरातल्या हिवाळी अंदाजाचा खरा प्रश्न "बर्फ पडेल का" असा नसतोच. पावसाचा बर्फ कोणत्या उंचीवर होईल आणि ती उंची रात्रीतून किती खाली सरकेल, हा खरा प्रश्न. अंदाज बांधणारे हे उत्तर कसे काढतात, ते सुरुवातीपासून पाहू.

हिमालयाच्या पश्चिम भागात हिवाळ्यात जो पाऊस-बर्फ पडतो, तो बहुतांशी पश्चिमी झंझावातांमुळे. हिंदी बातम्यांत याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात, कधी त्याहूनही पश्चिमेला, वाऱ्याच्या प्रवाहात एक अस्थिरता तयार होते. ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येते. तिला वाहून आणणारा प्रवाह जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. उन्हाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला असतो, थंडीत तो दक्षिणेला उतरतो. म्हणून ही आवक प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च या काळात होते. महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. त्यातले सगळे जोरदार नसतात. काही नुसते ढग दाखवून निघून जातात.

भारतीय हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकात त्यांची नोंद ठरावीक साच्यात येते. समजा पत्रक म्हणते: पश्चिमी झंझावात मध्य तपांबरातील द्रोणीच्या रूपात असून तिची आस ५.८ किलोमीटर उंचीवर, ६२ अंश पूर्व रेखांशावर, २५ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेला आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, पण या वाक्यात बरेच काही दडलेले असते. तपांबर म्हणजे वातावरणाचा सर्वांत खालचा थर. द्रोणी म्हणजे पश्चिमी वाऱ्याच्या प्रवाहाला दक्षिणेकडे पडलेला बाक, आणि आस म्हणजे त्या बाकाची मधली रेषा. ५.८ किलोमीटर ही ती उंची, जिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण निम्मा असतो. या पातळीवरचा प्रवाह पाहिला की झंझावाताची चाल कळते. बासष्ट अंश रेखांश म्हणजे अफगाणिस्तानचा पश्चिम भाग. श्रीनगर पंच्याहत्तरच्या किंचित अलीकडे, मनाली सत्त्याहत्तरवर. द्रोणी दिवसाला आठ-दहा अंश सरकते असे धरले, तर ती काश्मीरवर यायला दीड दिवस. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे: "२५ अंशाच्या उत्तरेला". हा बाक दक्षिणेकडे जितका खोल, तितकी अरबी समुद्राची हवा त्याच्या कचाट्यात येण्याची शक्यता जास्त. जोरदार झंझावाताच्या पुढ्यात राजस्थान-पंजाबवर खालच्या थरात दुय्यम चक्राकार वारे तयार होतात आणि ते अरबी समुद्रावरचे बाष्प थेट उत्तरेकडे ओढतात. भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राकडून आलेली ओल वाटेत बरीच झिजलेली असते. मोठ्या बर्फवृष्टीला बहुतेक वेळा हा दक्षिणेकडचा पुरवठा लागतो.

द्रोणीच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बाजूला वारा नैऋत्येकडून वाहतो. हवा वर चढते, ढग होतात. मागच्या बाजूला वारा वायव्येकडून येतो. तो थंड, कोरडा असतो, खाली बसतो आणि आभाळ मोकळे करतो. सपाट मुलखात गोष्ट इथेच संपली असती. इथे मात्र नैऋत्येच्या वाऱ्याच्या वाटेत डोंगररांगा आडव्या उभ्या आहेत.

काश्मीरच्या दक्षिणेला पीर पंजाल, हिमाचलात धौलाधार. वारा रांगेला जितका काटकोनात धडकेल तितकी हवा जोराने वर ढकलली जाते आणि तितके पाणी त्याच बाजूला सांडते. धर्मशाळा धौलाधारच्या पायथ्याशी या धडकेच्या तोंडावर आहे. रांगा ओलांडून स्पितीतल्या काझापर्यंत पोचलेल्या हवेत फारसे उरलेले नसते. वाऱ्याची दिशा वीस-तीस अंशांनी बदलली तरी कोणत्या खोऱ्याला किती, हे गणित फिरते.

यात एक गमतीची गोष्ट आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला पाच ते नऊ मीटर वेगाने खाली येतो. बर्फाची पाकळी मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर. दोन हजार मीटर उंचीवर तयार झालेल्या पाकळीला जमिनीवर यायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात वारा सेकंदाला दहा मीटरचा असेल, तर ती वीस किलोमीटर पुढे जाऊन पडते. म्हणजे ढग रांगेच्या या बाजूला आणि बर्फ त्या बाजूला. ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याची दोन्ही तोंडे जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, दक्षिणेचे ३,०६० मीटर आणि उत्तरेचे, लाहौलकडचे, ३,०७१. तरी दक्षिणेला दाट, ओलसर बर्फ आणि दहा मिनिटांनी उत्तरेला बाहेर पडल्यावर भुरभुरता कोरडा बर्फ, नाहीतर नुसता वारा, हे नेहमीचे. मधल्या रांगेने पाणी काढून घेतलेले असते आणि पलीकडची हवा मुळातच थंड असते.

आता बर्फाच्या रेषेकडे वळू. विषयाचा गाभा हाच आहे आणि अंदाज सर्वांत जास्त इथेच चुकतो.

हिवाळी ढगात वर जवळजवळ नेहमीच बर्फ असतो. मनालीत पडणारा पाऊसही वर बर्फच असतो, वाटेत वितळतो. ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य अंश असते ती शून्य-पातळी. तिच्याखाली आल्यावर पाकळी लगेच वितळत नाही, दोनशे-तीनशे मीटर तग धरते. म्हणून बर्फाची रेषा शून्य-पातळीच्या तेवढी खाली मानतात. तीन किलोमीटर उंचीवर शून्य अंश असेल तर बर्फ साधारण २,७००-२,८०० मीटरपर्यंत पोचेल. सोलंगमध्ये पाऊस, बोगद्याच्या तोंडाशी बर्फ. मनालीच्या बाजारात बर्फ हवा तर शून्य-पातळी २,३०० मीटरच्या आसपास यायला हवी. ओल्या हवेत दर किलोमीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणजे तीन किलोमीटरवर उणे चार अंश असले पाहिजेत. अंदाज बांधणारा माणूस पहिल्यांदा हाच आकडा बघतो. तिथे शून्य आणि उणे चार यांतला फरक म्हणजे मनालीतला चिखल आणि मनालीतला बर्फ यांतला फरक.

पण नुसत्या तापमानावर भागत नाही, हवा कोरडी किती हेही लागते. हवामान केंद्रावर दोन तापमापक शेजारी टांगलेले असतात. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळलेले. कोरड्या हवेत मलमलीतले पाणी उडते, उडताना उष्णता घेऊन जाते आणि ओला तापमापक खाली दाखवतो. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. पडणाऱ्या बर्फाच्या पाकळीलाही हवेचे तापमान जाणवत नाही, तिला ओल्या तापमापकाचे तापमान जाणवते. हवा चार अंशांवर असेल पण आर्द्रता चाळीस टक्केच असेल, तर ओला तापमापक शून्याच्या किंचित खाली असतो. अशा वेळी चार अंशांतही बर्फ पडायला सुरुवात होऊ शकते. उलट हवा ओलीचिंब असेल तर दीड-दोन अंशांतसुद्धा पाऊसच. फोनवर "३ अंश, बर्फ" असे दिसले की लोक ॲपची थट्टा करतात. ॲप प्रत्येक वेळी चुकलेले असतेच असे नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे बर्फ आपली वाट स्वतः तयार करतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतून घेतली जाते. रिमझिम असेल तर हवेला फारसा फरक पडत नाही. तासन्तास जोराची वृष्टी झाली तर मात्र शून्य-पातळीखालची हवा थंड होत होत तिचा एक जाड थर शून्य अंशांवर येऊन थांबतो. मग पाकळ्या त्या थरातून न वितळता खाली येतात आणि बर्फाची रेषा शेकडो मीटर उतरते. अरुंद खोऱ्यात, वारा पडलेला असताना हे जास्त होते, कारण थंड झालेली हवा तिथून हलत नाही. उघड्या उतारावर किंवा खोऱ्यात खालून वर वारा चालू असेल तर बाहेरची उबदार हवा येत राहते आणि सगळी थंडाई पुसून जाते. म्हणजे बर्फ किती खाली येईल हे वृष्टी किती जोराची यावर अवलंबून, आणि वृष्टीच्या जोराचा अंदाज हाच सर्वांत कच्चा. "पाऊस किंवा बर्फ" असे पत्रकात वाचून अंदाज बांधणाऱ्यांवर टाळाटाळीचा आरोप करणाऱ्यांनी हा गुंता जरूर लक्षात घ्यावा.

काश्मीरच्या खोऱ्यात आणखी एक पदर आहे. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, चहूकडे डोंगर. २१ डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलां सुरू होतो. त्या काळात रात्री निरभ्र राहिल्या की थंड हवा उतारांवरून घरंगळत तळाशी जमा होते. वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असते. मग झंझावात आला की वरच्या पातळीवरचे आकडे पाऊस सांगतात आणि शहरात, त्या साचलेल्या थंडीमुळे, बर्फ पडतो. केवळ उंचीच्या हिशेबाने चालायचे तर इथे फसगत होते.

एखाद्या बऱ्यापैकी झंझावाताचा कुल्लू खोऱ्यातला क्रम साधारण असा असतो. आदल्या दिवशी खूप उंचावर तंतूंसारखे पांढरे ढग पश्चिमेकडून पसरतात, कधी सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळे पडते. रात्री ढगांमुळे थंडी उलट कमी होते. पाहुण्यांना वाटते हवा सुधारली. नंतर नैऋत्येचा वारा सुरू होतो. तो तुलनेने उबदार असतो. सुरुवातीला रेषा उंच राहते, मनालीत पाऊस. द्रोणी जवळ येते तशी वरची हवा थंडावते, वृष्टी वाढते, रेषा खाली सरकते. मध्यरात्री पावसाचा आवाज थांबतो आणि पर्यटकाला वाटते उघडले. खरे तर तेव्हा पाऊस बर्फात बदललेला असतो. त्याचा आवाज होत नाही. पहाटे वारा वायव्येकडून येऊ लागतो, ढग फाटतात. गावात बर्फ पडतो तो अनेकदा झंझावाताच्या अखेरच्या काही तासांत. त्यामुळे थंड हवा पोचण्याआधीच ओल संपली तर गाव कोरडे राहते, आणि थंडी दोन तास आधी आली तर वीतभर बर्फ. या दोन तासांची खात्री तीन दिवस आधी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

किती पडेल, हा पुढचा प्रश्न. संगणकातली प्रारूपे पाणी मोजतात, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशेब असा की एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक सेंटिमीटर बर्फ. शून्याजवळचा ओला बर्फ यापेक्षा कमी भरतो, उणे दहाच्या आसपासचा हलका बर्फ दीडपट-दुप्पट. तीस मिलिमीटर पाण्याचा अंदाज असेल तर मनालीत वीसेक सेंटिमीटर चिकट बर्फ, बोगद्यापलीकडे त्याच पाण्याचा अर्धा मीटर भुरभुरा थर होऊ शकतो. वजन दोन्हीकडे तेवढेच. विजेच्या तारा आणि देवदाराच्या फांद्या मोडतात त्या ओल्या बर्फाने, कारण तो चिकटून राहतो.

हे सगळे आकडे येतात कुठून? दिल्ली, पटियाळा अशा केंद्रांवरून रोज सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे फुगे सोडले जातात. त्यांना टांगलेले यंत्र तापमान, आर्द्रता, वारा कळवत वर जाते. इन्सॅट मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांची चित्रे पाठवतात. ढगाचा माथा त्यांना उत्तम दिसतो. पायथ्याशी पाऊस पडतो की बर्फ, हे ओळखणे त्यांना अवघड जाते. ते काम रडारचे. मैदानातले मोठे रडार डोंगरांमुळे अडते. म्हणून गेल्या काही वर्षांत हिमालयाच्या माथ्यांवर लहान लांबीच्या तरंगांची, साधारण शंभर किलोमीटर टप्प्याची रडारे बसवली. शिमल्याजवळच्या कुफरीचे आणि उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरचे जानेवारी २०२१ मध्ये, चंबा जिल्ह्यातल्या जोतचे आणि मंडीतल्या मुरारी देवीचे जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. माथ्यावर बसवल्याने नजर मोकळी मिळते. पण किरण खोऱ्याच्या वरून जातो. रडार वरचा बर्फ बघते आणि खाली दरीत पाऊस असतो.

तरी रडारची एक खोड अंदाज बांधणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. अर्धवट वितळलेल्या पाकळीवर पाण्याचा थर असतो आणि ती आकाराने मोठीही असते. त्यामुळे तिच्यावरून परतणारा संकेत कोरड्या बर्फापेक्षा आणि थेंबापेक्षाही ठळक येतो. पडद्यावर त्या उंचीला एक तेजस्वी पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजेच वितळण्याचा थर. तो खाली सरकताना दिसला की रेषा उतरत असल्याचे त्याच क्षणी कळते. पावसाचा जोर मोजताना हाच पट्टा फसवतो, भलताच मोठा आकडा दाखवतो. पण मी अंदाज बांधणारा असतो तर रात्रभर त्याच्याकडेच बघत बसलो असतो.

मग प्रारूपे. भारतात हवामान विभागाचे प्रारूप बरीच वर्षे १२ किलोमीटरच्या चौकटींवर चालत होते. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ६ किलोमीटरच्या चौकटीची भारत फोरकास्ट सिस्टिम विकसित केली आणि मे २०२५ मध्ये ती राष्ट्रीय सेवेत आली. तिच्यासाठी लागणारा 'अर्का' हा महासंगणकही पाषाणलाच आहे. मनालीच्या बर्फाचा हिशेब असा काही अंशी पुण्यात होतो. चौकट लहान झाल्याने काय फरक पडतो? एका चौकटीत जमिनीची एकच सरासरी उंची धरली जाते. मनालीभोवतीच्या बारा किलोमीटरमध्ये बियासचे पात्रही येते आणि चार हजार मीटरवरचे कडेही येतात. सरासरी समजा ३,००० मीटर निघाली. प्रारूप म्हणते, "मनाली, उणे ३ अंश, बर्फ." गाव त्या सरासरीच्या साडेनऊशे मीटर खाली आहे. किलोमीटरला सहा अंशांच्या हिशेबाने तिथे जवळपास अधिक ३ येतात. म्हणजे पाऊस. चांगली ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. कोणत्याही ॲपमध्ये आधी ठिकाणाची उंची किती धरली आहे ते बघावे. ती दिसतच नसेल तर ते ॲप डोंगरासाठी माझ्या मते बाद.

तापमान आणि ओल यांच्यानंतर वारा हा या गोष्टीतला तिसरा खेळाडू, आणि पर्यटकाच्या नजरेतून सर्वांत जास्त सुटणारा. रोहतांगवर दुपारनंतर वारा भडकतो. बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. त्याआधी लाहौलला जाणारे सकाळी लवकर खिंड ओलांडायचे ते या वाऱ्यामुळेही. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा कोरडा ताजा बर्फ उचलू लागतो. वाऱ्याच्या बाजूचा उतार तो खरवडून काढतो आणि धारेपलीकडे, आडोशाच्या उतारावर रचतो. आभाळातून वीस सेंटिमीटर पडले असेल तरी आडोशाला मीटरभर साचू शकते. उडताना पाकळ्यांचे तुकडे होतात, ते घट्ट बसतात आणि एकसंध थर तयार होतो. खालचा जुना बर्फ ठिसूळ असेल तर ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तोच थर अखंड सुटतो. हिमस्खलनाचा अंदाज म्हणून नुसत्या बर्फवृष्टीच्या आकड्यावर होत नाही. वाऱ्याची दिशा, आधीच्या आठवड्यांतली थंडी, बर्फावर पाऊस पडला का, हे सगळे त्यात धरावे लागते.

आपल्याकडे हे काम संरक्षण संशोधन संघटनेच्या चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेकडे आहे. तिचे मूळ १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेल्या हिम आणि हिमस्खलन अभ्यास केंद्रात. तिच्या इशाऱ्यात जिल्ह्याच्या नावाबरोबर उंची दिलेली असते, आणि तीच वाचायची असते. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस आलेला झंझावात याचे ठळक उदाहरण. २८ फेब्रुवारीला कुल्लू शहरात मुसळधार पावसाने नाले फुटून वाहिले, गाड्या वाहून गेल्या. त्याच वेळी सोलंग-लाहौलकडे जबर बर्फ पडत होता. आणि त्याच सकाळी उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. ५४ जण त्यात सापडले, ४६ वाचले, ८ जण दगावले. आदल्या संध्याकाळीच चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा दिला गेला होता. झंझावात एकच. १,२०० मीटरवर तो पूर होऊन आला आणि तीन हजारांच्या वर मरण होऊन.

झंझावात गेल्यावर आभाळ निळेभोर होते आणि बहुतेकांना वाटते संकट टळले. अपघात मात्र या वेळेत पुष्कळ होतात. मोकळ्या आभाळाखाली रात्री जमिनीची उष्णता निघून जाते, दिवसा वितळलेले पाणी रस्त्यावर गोठते, आणि त्या पारदर्शक थरावर गाडीचे चाक धरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. अशा वेळी खोल बर्फापेक्षा पातळ, घसरडा थर जास्त त्रास देतो. झंझावातामागची ती कोरडी वायव्येची हवा पुढे राजस्थान-मध्य प्रदेशावरून खाली येते. निफाडला पारा घसरतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्याच्या दोन-तीन दिवस आधी बहुधा काश्मीर-हिमाचलात बर्फ पडलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झंझावाताची द्रोणी दक्षिणेला खोल उतरली आणि तिची गाठ बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या ओलीशी पडली, की महाराष्ट्रात गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही.

किती दिवस आधी काय कळते, हे सांगायला हवे. झंझावात येतोय हे पाच ते सात दिवस आधी बऱ्यापैकी कळते, कारण तो हजारो किलोमीटर लांबून चालत येतो आणि वाटेत दिसत राहतो. त्याचा जोर तीन-चार दिवस आधी. बर्फाची रेषा दोन दिवसांच्या आत, आणि तीही दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे धरूनच. एखाद्या गावात बर्फ कोणत्या तासाला सुरू होईल हे हवामान विभागाच्या तीन तासांच्या तात्काळ अंदाजातून. महिन्याभराआधी "यंदा गुलमर्गला बर्फ भरपूर" असे कोणी म्हणाले तर ऐकून सोडून द्यावे. जानेवारी २०२४ चा बहुतेक काळ गुलमर्ग उघडेबोडके होते. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या, बर्फ पुरेसा नसल्याने त्या पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

जायचेच असेल तर आदल्या संध्याकाळी हवामान विभागाच्या शिमला किंवा श्रीनगर केंद्राचे पत्रक उघडावे. आधी रंग बघावा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. मग द्रोणीचा रेखांश, म्हणजे आपल्यापर्यंत यायला किती तास उरलेत ते. मग तीन किलोमीटरवरचे तापमान, आणि त्यावरून रेषा काढून ती आपल्या मुक्कामाच्या आणि रस्त्यातल्या सर्वांत उंच जागेच्या उंचीशी ताडून बघावी. रेषा या दोन उंचींच्या मध्ये येत असेल, तर निघताना पाऊस आणि परतताना बर्फ अशी वेळ येऊ शकते. मनालीहून वर जाताना अशा दिवशी पोलीस नेहरू कुंडाजवळ किंवा सोलंगला साध्या गाड्या अडवतात आणि चारही चाकांना जोर असलेल्याच गाड्या पुढे सोडतात. तिथे हुज्जत घालण्यापूर्वी वरून परत येणाऱ्या ड्रायव्हरला विचारावे की बर्फ कोणत्या वळणापासून लागला. तासाभरापूर्वीची ती नोंद कोणत्याही ॲपपेक्षा ताजी असते.